ओपीडी सांभाळून फिजिओथेरपीत पीएचडी : माझा अनुभव

एमपीटीनंतर (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सनंतर) पीएचडीचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला : "मग पेशंट बघणं सोडणार का?" मला ते सोडायचं नव्हतं. अमेरिकेत काही विद्यापीठांत डीपीटी (फिजिओथेरपीतली तिथली व्यावसायिक डॉक्टरेट) आणि पीएचडी जोडून करता येतात. आपल्याकडे बीपीटी (पदवी), एमपीटी, मग पीएचडी अशी वाट; क्लिनिक आणि संशोधनाची सांगड आपली आपणच घालायची. मी पुण्यात नोकरी करत पार्ट-टाइम नोंदणी केली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, आणि पार्ट-टाइम असाल तर नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र. क्लिनिकल ट्रायल असेल, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून पाहायचे असतील, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, त्यामुळे घाई करूच नका.

खरी कसोटी लागली ती ओपीडीत. माझा विषय गुडघ्याची झीज झालेल्यांचा : नेहमीच्या व्यायामांना खुब्याच्या स्नायूंच्या व्यायामांची जोड दिली तर चालण्यात फरक पडतो का? पेशंट माझ्याच ओळखीचे. संमतीपत्र पुढे केलं तर एक आजी म्हणाल्या, "तू सांगशील तिथं सही करते, बाळा." त्यांचा विश्वास मोठा, पण ही संमती नव्हे. जिच्याकडून उपचार घेतो तिला नाही म्हणायला माणूस धजत नाही. गाईडशी बोलून मी संमती घेण्याचं काम उपचारांशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे दिलं. नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील, हे वाक्य मराठी पत्रकात ठळक छापलं. त्यानंतर काही जणांनी खरोखरच नकार दिला आणि मला बरं वाटलं.

एका गटाला नुसते नेहमीचे व्यायाम, दुसऱ्याला खुब्याच्या व्यायामांचीही जोड. कोण कुठल्या गटात हे ठरायचं बंद, अपारदर्शक पाकिटातल्या चिठ्ठीवर. मोजमाप दुसरी फिजिओ करायची, तिला गट ठाऊक नसायचा. पण आपले पेशंट बोलके! खुर्चीवर टेकता टेकता "मॅडम, तो रबराचा पट्टा बांधून पाय बाजूला न्यायचा व्यायाम फार छान हं" असं सांगून मोकळे. म्हणून मोजमापाच्या खोलीत शिरण्याआधीच प्रत्येकाला सांगून ठेवायचो, आत व्यायामाचा विषय काढायचा नाही.

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ, मोकळा पट्टा लागतो. सकाळी आमच्या कॉरिडॉरमध्ये बाकं, व्हीलचेअर, नातेवाईक यांची गर्दी. मग ओपीडी सुटल्यावर दुपारची वेळ ठरवली. हडपसर-कात्रजहून येणाऱ्यांनाही ती सोयीची पडली, कारण दुखऱ्या गुडघ्यानं सकाळच्या भरल्या पीएमपीत चढणं म्हणजे शिक्षाच.

सर्वांत जड गेलं ते नेहमीच्या व्यायामांच्या गटातला पेशंट कण्हत असताना ठरल्यापलीकडे काही न देणं. त्यासाठी दोन गोष्टी सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या सुरुवातीच्या आराखड्यातच) लिहून घ्या : दुखणं किती वाढलं की पेशंटला अभ्यासातून बाहेर काढून हवे ते उपचार द्यायचे, आणि अभ्यास संपल्यावर नेहमीच्या व्यायामांच्या गटालाही खुब्याचे व्यायाम शिकवायचे. शेवटची मोजमापं झाली तशी मी त्या गटातल्या एकेकाला फोन लावत गेले. बहुतेक जण आले आणि पट्टा बांधूनच घरी गेले.