पिकअप रोजच्या वापराला?

काटोलच्या मेहुण्याची टोयोटा हायलक्स पिकअप आज दिवसभर माझ्याकडे होती. वर्धा रोडवर तर राजेशाही थाट! उंच बसायचं, पुढचं सगळं दिसतं, 2.8 लिटरचं डिझेल इंजिन नुसतं पाय ठेवला की ओढतं. मनात आलं, आपणही घ्यावी का?

मग नागपुरात, बर्डीच्या बाजारात शिरलो. गाडी सव्वापाच मीटरहून लांब, आपली स्विफ्ट चार मीटरच्या आतली. पार्किंगवाल्या पोराने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "काका, पुढे बघा ना" म्हणून मोकळा झाला. महाल भागातल्या गल्लीत वळवताना समोरचा ऑटोवाला बिचारा मागे गेला, म्हणून निघालो.

रिकाम्या गाडीला मागून दणके फार बसतात. आई मागच्या सीटवर होती, प्रत्येक स्पीडब्रेकरला "अगं बाई!" मेहुण्याला फोन केला तर हसला. "भाऊजी, मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, ते वजनासाठी. संत्र्याचे क्रेट टाका, मग पहा कशी मऊ चालते." त्याचं बरोबरच आहे. बागेत चिखल, खताची पोती, कळमन्याच्या बाजारात माल. त्याला ही गाडी शोभते.

पण आमचं सामान म्हणजे भाजीची पिशवी अन् दप्तर. तीही उघड्या हौद्यात ठेवायची सोय नाही, पाऊस आला की भिजणार आणि सिग्नलला कोण उचलेल याचा नेम नाही. वर्षातून एखादं कपाट आणायचं तर छोटा हत्ती भाड्याने मिळतोच की.

उद्या सकाळी गाडी परत. आई म्हणाली, "मी काही सोडायला येत नाही बाबा."