आज ‘बनगरवाडी’ परत केली

संध्याकाळी वाचनालयात जाऊन ‘बनगरवाडी’ परत केली. काउंटरवर ठेवताना हात जरा अडखळला. गेला पंधरवडाभर उशाशी होती.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळेत मुलं जमवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. आणि मग दुष्काळ. शेवटची पानं रात्री एकच्या सुमारास संपली, दिवा मालवून नुसती पडून राहिले. कादंबरीतला दुष्काळी माणदेश आपल्या सोलापूरकरांना काही परका नाही, सांगोला त्यातच येतो. माझं आजोळ तिकडचंच. मृग कोरडा गेला की आजी ओसरीत उभी राहून आभाळाकडे कशी बघायची, ते वाचताना डोळ्यांपुढे आलं.

पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारखांचे जांभळे शिक्के, एकावर एक. शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा कुणीतरी दुमडून ठेवलेला. घडी इतकी जुनी की कागद तिथे कापडासारखा मऊ पडलाय. मी तो तसाच राहू दिला.

येताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली, आईसाठी. बारीक अक्षराला तिचे डोळे आता दमतात, म्हणून रोज जेवणं झाली की मी वाचणार आणि ती ऐकणार. त्यानंतर दया पवारांचं ‘बलुतं’. ते सध्या कुणाकडे तरी आहे, नंबर लावून आलेय.

भांडी अजून आवरायची आहेत. आई दोनदा विचारून गेली, आजच सुरू करायचं ना?