टाक्यांत डोकावणारे काका

२० ऑगस्ट, डिचोली

आज जागतिक मच्छर दिन. दरवर्षी या तारखेला सकाळीच काकांचा फोन यायचा, "आज काय आहे सांग बघू?" मी तोंड उघडायच्या आत तेच सांगून मोकळे. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला अ‍ॅनोफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं, वगैरे. पण काकांचा जीव रॉसपेक्षा हुसेन खानवर. हा रॉसचा रुग्ण. डास चावून घ्यायचा आणि डासामागे एक आणा घ्यायचा. "ताप त्याचा, रक्त त्याचं, नि बक्षीस साहेबाला!" म्हणत खो खो हसायचे. यंदा फोन आला नाही. मे महिन्यात काका गेले.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळेत होते. पुढे लष्कराच्या वैद्यकीय दलात लॅब असिस्टंट म्हणून लागले. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या एका लष्करी इस्पितळात ते रक्तगट जुळवत होते. त्याबद्दल खोदून विचारलं तरी एवढंच म्हणायचे, "बाटलीवरचा नंबर बघायचो. चेहरे बघायला सवड कुणाला होती?"

फौजेतून सुटल्यावर पणजीत मलेरियाच्या संशोधनाच्या कामाला लागले आणि तिथेच खरे रमले. पणजीत तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या. स्लॅबवर पाणी साठवून ठेवलेलं, गच्च्यांवर उघड्या टाक्या, खाली पत्र्याच्या खोल्यांत तापाने फणफणलेले मजूर. शहरातला मलेरिया पसरवणारा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे काका भेटेल त्याला ऐकवत. लग्नाला गेले तरी आधी यजमानांच्या टाकीचं झाकण उचलून बघणार. काकू लाजेने अर्धी व्हायची. आमच्या विहिरीत गप्पी मासे त्यांनीच आणून सोडले. आजी महिनाभर त्या पाण्याला शिवली नाही.

स्लाइडच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. रक्ताच्या जाड थेंबाची शंभर फील्ड्स, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे शंभर तुकडे, बघून झाल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. घरीही तोच खाक्या. मुलीला ताप आला की "काही नाही गं, उतरेल" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. उशाशी बसून तासातासाला तापमान वहीत टिपायचे. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधतानाही तसंच. सुपारीचं शिपटं एक बोट तिरकं दिसलं तरी सगळं सोडून परत बांधायचं, आणि आरती खोळंबलेली.

त्यांनी डोळे फोडून बघितलेल्या स्लाइड्सवर किती जणांचे शोधनिबंध उभे राहिले असतील. त्यांचं नाव फार तर शेवटी, आभाराच्या ओळीत. मला याचा राग येतो. त्यांना येत नसे, किंवा हुसेन खानच्या गोष्टीत ते तो हसण्यावारी नेत असावेत.

शेवटच्या आजारपणात नातवाशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. नातू फार्मसीला आहे. म्हणाला, "आता किटवर पंधरा मिनिटांत मलेरिया कळतो, कशाला हवा तुमचा मायक्रोस्कोप?" काका उशीला टेकून उठून बसले. "आहे की नाही ते कळतं. रक्तात जंतू किती आहेत? औषधाने कमी होतायत का? ते तुझी किट सांगेल?" नातू गप्प. काकूने दोघांनाही दटावून पेज पुढे ठेवली, तरी काका घासाघासाला त्याला जाड थेंब नि पातळ थेंब समजावत होते.