मे महिन्यातलं शिबिर आणि एक मेसेज

मे महिन्यात मुंबईतल्या रक्तपेढ्यांना टंचाई जाणवतेच. कॉलेजं बंद, चाकरमानी गावी, शिबिरं थंडावलेली. म्हणून परळच्या आमच्या सोसायटीने रक्तदान शिबिर मुद्दाम मेमध्येच ठेवलं आणि लोकांना बोलवायचं काम माझ्याकडे आलं.

‘रक्तदान श्रेष्ठदान, बहुसंख्येने उपस्थित राहावे’ हा मजकूर आमच्या फळ्यावर वर्षानुवर्षं लागतो. ग्रुपवर टाकला की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि रविवारी खुर्च्या रिकाम्या. लोक निष्ठुर नाहीत. टाटा आणि केईएम हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेले नातेवाईक आम्ही येता-जाता बघतो. पण ‘बहुसंख्येने’ म्हटलं की आपल्याला बोलावलंय असं कुणालाच वाटत नाही.

मजकूर लिहायच्या आधी मी रक्तपेढीतल्या ताईंना गाठलं. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या काढतात. तांबड्या पेशी महिनाभर, काही वेळा ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. प्लेटलेट्स मात्र फक्त ५ दिवस. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्यांना बऱ्याचदा त्याच लागतात. मला हवं होतं ते कारण इथे सापडलं. मार्चमध्ये भरलेलं मोठं शिबिर मेमधल्या पेशंटच्या प्लेटलेट्ससाठी उपयोगी नाही.

मग घरोघरी गेले. मागणं काहीच नाही, नुसतं ऐकायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अगं, अठ्ठावन्न पूर्ण झाली, आता कुठे माझं रक्त घेतायत!” (पहिल्यांदा देणाऱ्यालाही साठीपर्यंत चालतं.) रोज जिमला जाणाऱ्या एका मुलाला अशक्तपणाची धास्ती. कुणाला वाटायचं, अख्खी सकाळ मोडेल. साफ नकार फारसा कुणाचा नव्हताच. बहुतेकांच्या मनात एखादी बारीक शंका होती आणि ती चारचौघांत विचारायचा संकोच. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न टाकायचे आणि उत्तर समोरच्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे, ते त्या दिवसांत मला फार आठवत होतं. लोकांच्या शंका मिळाल्या तेव्हा मेसेज जवळजवळ तयारच झाला:

‘काकू, रविवारी सकाळी साडेनऊपासून खालच्या हॉलमध्ये रक्तदान आहे. केमो चालू असलेल्यांना लागणाऱ्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून आत्ताच रक्त हवंय. वय १८ ते ६०, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. ते तिथेच तपासतात, बाकीचं डॉक्टर विचारतील. नाश्ता करून या. तपासणी, रक्त देणं, चहा-बिस्किट धरून साधारण तासभर. तुमच्यासाठी दहाची वेळ ठेवू की अकराची?’

शेवटचं वाक्य मी बराच वेळ घोळवलं. ‘याल का?’ असं विचारलं की ‘बघते’ हे उत्तर ठरलेलं. दहा की अकरा विचारलं की माणूस आपला रविवार डोळ्यांपुढे आणतो. आजारी मुलाचा फोटो टाक, असंही काहींनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. कुणाच्या दुखण्याचं प्रदर्शन मांडून माणसं गोळा करायची नाहीत, आणि खरं कारण पुरेसं जड होतं.

ग्रुपवर नुसती तारीख टाकली. हा मेसेज मात्र ज्याच्या त्याच्या नावाने, ज्याच्या त्याच्या शंकेप्रमाणे बदलून पाठवला. वेळखाऊ काम, पण कामाला आलं ते हेच. शनिवारी संध्याकाळी वेळ घेतलेल्यांना फोन केले.

रविवारी साडेदहाला हॉलबाहेर बाकावर माणसं थांबलेली होती. काकूंचं हिमोग्लोबिन भरलं. त्यांनी रक्त दिलं आणि वर जाऊन सुनेला खाली पाठवलं. ज्यांचं भरलं नाही त्यांना मी त्याच दिवशी वेगळा मेसेज केला, कारण परत पाठवलेला माणूस पुढच्या वेळी उंबरठा ओलांडत नाही.

आता ‘पुन्हा कधी?’ अशी विचारणा होते. पुरुषांना ३ महिन्यांनी देता येतं, बायकांना ४, म्हणून पुढचं शिबिर ऑक्टोबरमध्ये धरलंय.