मॅटलॉक बाथचा फेरा: कोमट पाण्याच्या मागावर

इंग्लंडमधल्या डर्बीहून निघणारी छोटी गाडी अर्ध्या-पाऊण तासात मॅटलॉक बाथला सोडते. स्टेशनची इमारत स्विस लाकडी घरांच्या धाटणीची आहे. एकोणिसाव्या शतकात या घळीला ‘छोटं स्वित्झर्लंड’ म्हणायची टूम निघाली होती, आणि १८४९ साली रेल्वे आल्यावर ती पक्की झाली. स्टेशनाबाहेर मात्र वेगळाच थाट. एका बाजूला डरवेंट नदी, दुसऱ्या बाजूला ओळीने चिप्सची दुकानं, आइस्क्रीमच्या गाड्या, नाणी गिळणारी खेळांची यंत्रं, आणि रविवार असल्यामुळे कडेला चकचकीत मोटरसायकलींची रांग. चामडी कपड्यातले त्यांचे पोट सुटलेले मालक कोपरं टेकून चिप्स खात उभे. समुद्रकाठच्या गावाचा सगळा सरंजाम आहे, फक्त समुद्र नाही.

“बाबा, एवढ्यावरून गावाची परीक्षा करू नका,” सून म्हणाली. डोंगर चढायची हौस घरात तिलाच. मुलगा रविवारी दहाच्या आधी उठत नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कुठेही नेलं तरी पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि त्यावर हक्क कुणाचा, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे आठ-नऊ किलोमीटरचा हा फेरा तिच्या दृष्टीने जंगलाचा होता आणि माझ्या दृष्टीने पाण्याचा. दोघांचंही समाधान झालं, असं फार कमी ठिकाणी होतं.

मॅटलॉक बाथ नावारूपाला आलं ते इथल्या उष्ण झऱ्यांमुळे. पहिलं स्नानगृह बांधलं १६९८ मध्ये. पुढे श्रीमंत मंडळी औषधी पाणी म्हणून इथे येऊ लागली. राणी व्हायच्या आधी, १८३२ साली, व्हिक्टोरियाही येऊन गेली. आता उष्ण म्हणजे किती, तर २० अंश. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडवताना ओरडलेल्या माणसाला हे ऐकून हसू येणारच. आपल्याकडे २० अंशाचं पाणी नळाला आलं तर आपण गीझर लावतो. पण हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

पश्चिमेच्या पठारावर पाऊस पडतो. खाली चुनखडीचा खडक, भेगांनी भरलेला. पाणी त्यातून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उबेने तापतं आणि वर्षानुवर्षांनी या घळीच्या तळाशी वर येतं. उन्हाळा असो की बर्फ पडो, तापमान जवळपास तेच. थंड देशात बारा महिने न गोठणारं पाणी म्हणजे काय चीज आहे, हे स्नानाला येणाऱ्या श्रीमंतांपेक्षा एका न्हाव्याला आणि शिशाच्या खाणवाल्यांना जास्त कळलं होतं.

गावातून क्रॉमफर्डकडे जाणारा ए-६ रस्ता या फेऱ्यातला सगळ्यात रटाळ भाग. फुटपाथ आहे, पण कानाशी वाहनं घोंघावतात. वाटेत १७८३ ची लाल विटांची मॅसन मिल लागते. एवढी मोठी इमारत, आणि समोर नदीवर तिचा बांध. बांधाची वक्र रेषा मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. सून शांतपणे फोन बघत थांबली. तिला सवय आहे.

क्रॉमफर्डला त्या न्हाव्याची गाठ पडते. रिचर्ड आर्कराइट आधी केस कापायचा, केसांचे टोप बनवायचा. १७६९ मध्ये त्याने सूत कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभारली. पाण्यावर चालून खरोखर यशस्वी झालेली सूतगिरणी म्हणून ही जगातली पहिली मानतात. २००१ पासून हे खोरं युनेस्कोच्या यादीत आहे. दिवसरात्र पाळ्या चालायच्या आणि कामाला बरीचशी पोरं असायची, हेही तिथल्या फलकांवर लपवलेलं नाही.

पण मोठी डरवेंट नदी शेजारून वाहत असताना या माणसाने पहिली गिरणी एका ओढ्यावर आणि एका बोगद्यावर का बांधली? ओढा बॉन्सलचा. बोगदा शिशाच्या खाणींचा: खाणीत साठणारं पाणी उतारावरून आपोआप बाहेर काढायला डोंगराच्या पोटातून खोदलेला. इथे त्याला सफ म्हणतात. क्रॉमफर्ड सफ सतराव्या शतकात सुरू झाला होता. त्यातून येणारं पाणी खडकाच्या आतलं, म्हणून कोमट, म्हणून हिवाळ्यात न गोठणारं. आसपासच्या ओढ्यांवरची चाकं बर्फाने अडकून पडायची तेव्हा याचं चाक फिरत असायचं. वर एक पैसा खर्च नाही, कारण बोगदा खाणवाल्यांनी आधीच खोदून ठेवलेला. जागा निवडण्यात एवढी हुशारी मी आमच्या खात्यातही क्वचितच पाहिली.

बाजारचौकापासून जवळच, घरांच्या मागे, ‘बेअर पिट’ नावाचा एक गोल दगडी खड्डा आहे. अस्वलाचा काही संबंध नाही. १७८५ मध्ये आर्कराइटने सफचं पाणी अडवून जमिनीखालच्या पाटाने आपल्या तलावात वळवण्यासाठी इथे दार बसवलं होतं. येणारे-जाणारे एक नजर टाकून पुढे निघतात. मला विचाराल तर या फेऱ्यातली ही सर्वात मोलाची वास्तू. पाणी हातात आलं नाही तर कारखाना शोभेचा, हे त्या खड्ड्यात वाकून पाहिलं की कळतं.

आणि पुढे नेमकं तेच झालं. खाणी खोल गेल्या तसा खाणवाल्यांना आणखी खालच्या पातळीवरून निचरा हवा झाला. नदीच्या खालच्या अंगाला मीअरब्रुक नावाचा दुसरा सफ खोदला गेला. पाणी खालची वाट धरणार, त्याला गिरणीचं काय? क्रॉमफर्ड सफ आटू लागला. आर्कराइट घराण्याने दावा लावला: साठ-सत्तर वर्षं हे पाणी आम्ही वापरतोय, आमचा हक्क झाला. १८३९ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे नैसर्गिक झऱ्याचं पाणी नाही, खाण कोरडी करण्यासाठी काढलेलं पाणी आहे. खाणवाल्याने ते तुमच्यासाठी कायम वाहतं ठेवावं असं बंधन त्याच्यावर नाही. ‘आर्कराइट विरुद्ध गेल’ हा खटला पाण्याच्या कायद्यात अजून उद्धृत होतो. फटका एकट्या गिरणीला बसला नाही. क्रॉमफर्ड कालव्यालाही हेच पाणी मिळत होतं, तेव्हा कालव्यात नदीचं पाणी उचलून टाकायला १८४९ मध्ये लीवूडला वाफेचा पंप बसवावा लागला.

माझं मत? निकाल बरोबर होता. दुसऱ्याच्या सांडपाण्यावर आयुष्यभराचा हिशेब मांडू नये. पण कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचे अर्ज वाचण्यात उमेदीची वर्षं गेली असल्याने दावा लावणाऱ्याची तगमगही कळते. हे सगळं मी सुनेला पुलाजवळ उभं राहून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “बाबा, डबा इथे खायचा की वर?”

नदीकाठी उतरता आलं तिथे मी पिशवीतून थर्मामीटर काढला. दही लावताना दुधाचं तापमान बघायला तिने घेतलेला, स्वयंपाकघरातला. डरवेंटचं पाणी ११ अंश. नोंद केली.

इथून पुढे जंगल सुरू होतं. व्हाया गेलिया ही क्रॉमफर्डहून पश्चिमेला जाणारी अरुंद, दाट झाडीची दरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉप्टनच्या गेल घराण्याने मालवाहतुकीसाठी यातून रस्ता काढला. खटल्यातलं आडनाव तेच. खोऱ्यात जमीन, शिसं आणि पाणी या तिन्हींवर दोन-चार घराण्यांचीच नावं सापडतात. पुढे १८९० च्या दशकात इथल्याच एका गिरणीवरून ‘वियेला’ या लोकर-सुती कापडाचं नाव पडलं. रस्त्यावरून चालायचा मात्र विचारही करू नका. वळणं आंधळी आहेत आणि डंपर भरधाव येतात. आम्ही स्लिंटर वूडमधल्या वाटेने वर गेलो.

मे महिना होता. जमिनीवर जंगली लसणाची पांढरी फुलं, इतकी की पाय ठेवायला जागा शोधावी लागते, आणि सगळ्या रानाला फोडणीच्या आधी लसूण ठेचल्याचा वास. ओढ्याच्या अंगाला लांब जिभेसारख्या पानांचं नेचं. दगडांवर शेवाळ. वाट मुळांची आणि निसरडी. ओली चुनखडी साबणासारखी सटकते, म्हणून काठी आणा. जंगल अगदी आदिम वाटतं, पण खाली पाहिलं की ओढ्यावर एकामागून एक जुनी तळी आणि बांध दिसतात. इथे पाण्याचा एकेक फूट उतार कुणीतरी वापरून घेतला होता. खाणी आणि गिरण्या थंडावल्यावर त्यांच्या ढिगाऱ्यांवर झाडांनी पुन्हा पसरायला सुरुवात केली.

वाईट बातमी अशी की या झाडांत ॲशचं प्रमाण मोठं आहे आणि ॲशला बुरशीजन्य रोगाने ग्रासलं आहे. शेंड्याकडून वाळत जातात. वाटेच्या कडेची धोक्याची झाडं कापून टाकलेली दिसली. त्या मोकळ्या जागेत ऊन येतंय आणि लसूण आणखी माजलाय.

बॉन्सलकडे चढणाऱ्या क्लॅटरवे रस्त्याच्या फाट्यापासून थोडं पुढे, रस्त्याला लागून टुफा कॉटेज आहे. ते पाहायला आम्ही मुद्दाम वाकडी वाट केली, शेवटचा तुकडा रस्त्याच्या कडेने एकामागे एक जीव मुठीत धरून. चुनखडीतून झिरपलेलं पाणी बाहेर हवेत आलं की त्यातला चुना मागे राहतो आणि थर साचत जातात. तो भोकाभोकांचा हलका दगड म्हणजे टुफा, आणि हे घर अख्खं त्याचंच बांधलेलं. मॅटलॉक बाथमध्ये हीच करामत दाखवून पैसे कमवायचे: टोप्या, बाटल्या, पक्ष्यांची घरटी झऱ्याखाली मांडून ठेवायची आणि त्यांच्यावर दगडी साल चढू द्यायची. मी सुनेला म्हटलं, तुमच्या किटलीत साचतो तोच हा पांढरा थर. तेव्हा तिला टुफा पटला.

क्लॅटरवे चढून बॉन्सल. चढ छातीवर येतो. गावाच्या मधोमध पायऱ्यांच्या उंच चौथऱ्यावर जुना दगडी क्रॉस, भोवती खाणकामगारांची आणि मोजे विणणाऱ्यांची घरं. आणि याच गावात कोंबड्यांच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा भरवतात. मला वाटलं सून थट्टा करतेय. पण नाही. यावर मी काही टिप्पणी करणार नाही, आपल्याकडेही एकेक शर्यती आहेत. क्रॉसच्या पायरीवर बसून मेथीचे ठेपले खाल्ले. एका आजीबाईंनी जाता जाता वास घेऊन “लव्हली” म्हटलं आणि कुत्र्याला ओढत पुढे गेल्या.

बॉन्सलवरून मॅसन हिलच्या अंगाने परत यायची वाट शेतांतून जाते. दगडी गडग्यांमध्ये माणूस तिरका होऊन जेमतेम निघेल एवढ्या फटी ठेवल्यात, म्हणजे गुरं अडतात. वर दिसेल तिथे जमीन खड्डे-उंचवट्यांची. शिशाची शीर उभी जमिनीत जाते आणि खाणवाले तिचा माग काढत सरळ रेषेत खणत गेले, त्याच्या या खुणा. जुन्या विहिरींवर झाकणं आहेत, सगळ्यांवर असतीलच असं नाही, तेव्हा वाट सोडू नका. ढिगाऱ्यांच्या मातीत शिसं असल्याने साधं गवत नीट वाढत नाही. तिथे बारीक पांढऱ्या फुलांची लेडवर्ट आणि पिवळी रानपॅन्सी मजेत वाढतात.

एका उतारावर तपकिरी, कुजलेला दगड दिसला. हातात घेतला आणि ओळखला. हा तर बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड! चुनखडीच्या थरांमध्ये जुन्या लाव्हाचे थर अडकलेले आहेत. इथले खाणवाले त्याला टोडस्टोन म्हणत आणि त्याच्या नावाने बोटं मोडत, कारण शिशाची शीर बहुधा या दगडाशी येऊन थांबते. त्यातून पाणीही सहज जात नाही. म्हणजे डोंगराच्या आत पाण्याने कुठे अडायचं आणि कुठे वळायचं, हे ठरवण्यात या काळ्याचाही हात. जन्मभर याच दगडावर पाया घेतलेल्या माणसाला तो परदेशात, पाहुणा म्हणून चुनखडीत राहताना भेटला. खडा खिशात टाकला. सुनेने “बॅगेचं वजन बघा हं” असा इशारा दिला.

हाइट्स ऑफ अब्राहम या डोंगरावरच्या सहलीच्या ठिकाणी केबल कार जाते, १९८४ पासून. आतल्या गुहा म्हणजे जुन्या शिशाच्या खाणीच, आणि १८४४ चा दगडी मनोरा बेकार खाणकामगारांना काम मिळावं म्हणून बांधलेला. आमच्या भाषेत रोजगार हमी. आत तिकीट लागतं. आम्ही बाहेरच्या वाटेने घळीकडे बघत बघत उतरलो. पलीकडे हाय टॉरचा उभा कडा दिसतो. उतार नागमोडी आणि तीव्र आहे, गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तुमचे गुडघे माझ्यासारखे असतील तर फेरा उलटा करा: इथून चढा आणि क्रॉमफर्डला उतरा.

खाली नदीकाठच्या पॅव्हिलियनसमोर एक तळं आहे. झऱ्याचं पाणी थेट त्यात सोडलंय आणि त्यात मांडीएवढे कार्प मासे सुस्त फिरतात. पाणी पडतं तिथे गुडघ्यावर बसून थर्मामीटर धरला. १९.४. थोडं थांबून पुन्हा धरला. तेवढंच. नदी ११, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर हे. शेजारी आइस्क्रीम खाणाऱ्या एका मुलाने विचारलं की मी काय करतोय. मी त्याला आकडा दाखवला. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि आईला जाऊन सांगितलं की त्या आजोबांनी माशांना ताप आहे का ते बघितलं.

गाडी तासाला एक, म्हणून चिप्सची रांग आधी की स्टेशन आधी यावर थोडा वाद झाला. चिप्स जिंकले. गाडीत सुनेने पुरचुंडी उघडली, एक चिप माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बाबा, तो थर्मामीटर आता तुम्हीच ठेवा. माझ्या दह्यात तो जाणार नाही.”