पिवळ्या रंगाची गोष्ट आणि हॉलची परवानगी : माझा अनुभव

सगळ्यात आधी एकच सांगते, अर्ज दिलात की पोच घ्या. दुसऱ्या कॉपीवर सही, तारीख, शिक्का. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

झालं असं की होळीनंतर माझ्या मनात आलं, सोसायटीतल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीत काहीतरी करावं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी रंगांना रेड, ब्लू, येलो असंच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण अबोली, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली हे शब्द यांच्या कानावर कधी पडणार असं वाटायचं. म्हणून एक रंग घ्यायचा, त्याची गोष्ट सांगायची आणि त्याच रंगाचं काहीतरी हातानं करायचं असं ठरवलं. आधी सातही रंग एकाच दिवशी करणार होते, पण माझी एक मैत्रीण बरीच वर्षं बालवाडी चालवते, ती म्हणाली, एकच घे गं, नाहीतर मुलांच्या डोक्यात नुसता काला होतो. तिचं ऐकलं ते फार बरं झालं.

मग पिवळाच का, तर मे महिना. पुण्यात रस्त्याकडेचा बहावा फुललेला असतो, घरात आंबे असतात, हळद तर बारा महिने असतेच. आणि पिवळाधम्मक हा शब्द मुलांना ओरडायला इतका आवडतो की बास.

गोष्ट मी घरचीच केली. ऑनलाइन स्टोरीवीव्हरवर मराठीत फुकट गोष्टी मिळतात, चित्रं मोठी करून दाखवता येतात, ते पण चांगलं आहे, पण मला मुलांनी मधेमधे बोलायला हवं होतं. म्हणून एक हिरवी कैरी, तिला आजीनं अढीत घातलीय, पेंढ्यात अंधार, ती रोज विचारते "मी पिवळी झाले का?" आणि सगळ्या मुलांनी ओरडायचं "अजून नाही, अजून नाही!" शेवटी आजी पेंढा बाजूला करते आणि घरभर वास सुटतो. बस एवढीच. दहा मिनिटांची. या वयाला त्याहून जास्त लांबवू नका.

इथपर्यंत सगळं चार दिवसांत झालं होतं. अडलं ते हॉलपाशी.

आमच्या सोसायटीचा हॉल चांगला मोठा आहे, खाली आहे, पंखे आहेत. 8 एप्रिलला मी ऑफिसात अर्ज दिला. मॅनेजर जागेवर नव्हते, टेबलावर ठेवा म्हणाले फोनवर, मी ठेवला. विषयात लिहिलं, "लहान मुलांसाठी रंगांचा कार्यक्रम". ह्या दोन चुका, पोच न घेणं आणि विषयात रंग हा शब्द, ह्यांनी माझा पुढचा एक महिना खाल्ला. कमिटीची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. त्या रविवारी मी घरी वाट बघत बसले, काही निरोप नाही. सोमवारी गेले तर अर्ज सापडतच नाही. कुठल्या फाइलला लागला, कुणी उचलला, काही पत्ता नाही. "मॅडम, परत द्या ना." बरं, परत दिला. तर ह्या वेळी छापील फॉर्म भरायला सांगितला, हॉल मागणीचा.

त्या फॉर्मवर कार्यक्रमाचे प्रकार छापलेले. साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, मुंज, वाढदिवस, इतर. मी इतरवर खूण केली. इतरचं भाडं सगळ्यात जास्त, 2500, आणि डिपॉझिट 5000 चेकनं, यूपीआय चालत नाही. मी म्हणलं अहो मी एक पैसा घेणार नाहीये, आपल्याच सोसायटीतली मुलं आहेत, 14 मुलं, दोन तास. तर उत्तर एकच, इतरमध्ये बाहेरचे क्लासवाले येतात म्हणून तो दर, बदलायचा तर कमिटी बदलेल. आणि कमिटी आता मेमध्ये. सेक्रेटरी काकांची सही मिळाली तर मधे होईल म्हणाले, पण काका लेकीकडे नागपूरला, दहा दिवस. त्यांच्याऐवजी सही करायला कुणी तयार नाही. मी रोज कामावरून येताना सोसायटीच्या ऑफिसात डोकवायचे. पार्किंगमधून दिसायचं दिवा चालू आहे की नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मी घरी फार चिडचिड केली, एकदा तर नवऱ्याला म्हणलं की जाऊदे, आपल्या घरातल्या हॉलमध्येच करू सोफा हलवून. तो म्हणाला, 14 मुलं आणि त्यांच्या आया कुठे बसवणार. बरोबर होतं त्याचं.

काका आले. मी लगेच गेले. ते माणूस म्हणून खूप चांगले आहेत, पण अर्जावरचा रंग शब्द बघितल्याबरोबर म्हणाले, "ताई, रंग नको हो. रंगपंचमीला लिफ्टच्या भिंतीला हात लागलेत ते अजून गेले नाहीत." आणि ते खरं आहे, गुलाबी पंजे अजून आहेत तिथे. मी सांगायचा प्रयत्न केला की काका, उधळायचे रंग नाहीत, हळद आहे. तर अजूनच नाही. "हळद? हळदीचा डाग जातो का कधी!"

मग मी ठरवलं की नुसतं बोलून उपयोग नाही, दाखवावं लागेल. आमच्याकडे बाथरूमच्या कामातल्या उरलेल्या दोन टाइल्स होत्या, हॉलमध्ये आहेत तशाच गुळगुळीत व्हिट्रिफाइड. त्या शेजारी शेजारी एका फळीवर चिकटवल्या, मधे व्हाइट सिमेंट भरलं, चांगलं वाळू दिलं. मेच्या दुसऱ्या रविवारी ती फळी, एका वाटीत ओली हळद आणि एक फडकं घेऊन मीटिंगला गेले. सगळ्यांसमोर हळद फासली. पंधरा मिनिटं ठेवली, तोवर पाण्याच्या टँकरचा विषय चालला होता. मग ओल्या फडक्यानं पुसली. टाइल स्वच्छ! मला इतकं हायसं वाटलं. पण एका काकूंनी बोट ठेवलं मधल्या फटीवर, तिथे पिवळी रेघ राहिली होती. मी घाईघाईनं साबणाचं पाणी लावलं, तर ती रेघ लाल झाली, लालभडक. दोघंतिघं एकदम म्हणाले, "अहो हे काय!"

त्यावेळी मला घाम फुटला होता पण तेच सांगितलं जे आहे, की हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात, हळदीत चुना घालून, आणि हीच गंमत मला मुलांना दाखवायचीय. लिंबू पिळलं की परत पिवळी. पर्समध्ये लिंबू होतंच, पिळून दाखवलं. काकूंनी तर स्वतः बोट लावून बघितलं. मग त्यांनीच मार्ग काढला, की ओली हळद हॉलमध्ये आणू नकोस, घरून कागद रंगवून, वाळवून आण. म्हणजे हॉलमध्ये नुसते सुके कागद आणि थेंबभर साबणाचं पाणी. हे मला आधी का सुचलं नाही माहीत नाही, पण कार्यक्रम त्यामुळे जास्तच चांगला झाला, कारण मुलांना फक्त जादूचा भाग करायचा होता, फासाफाशी नाही.

परवानगी मिळाली. भाडं 500 केलं, डिपॉझिट मात्र पूर्ण. भिंतीला सेलोटेप लावायचा नाही, दोन तासांच्या वर एक मिनिट नाही. हातात सहा दिवस.

माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही. कमिटीवाले वाईट नाहीत, फुकट काम करतात, मला कळतं. पण महिन्यातून एकदाच मीटिंग, त्यात कागद हरवला तर अख्खा महिना गेला, आणि फॉर्मवर लग्नकार्याला जागा आहे आणि मुलांच्या गोष्टीला नाही, हे काही बरोबर नाही. मी त्यांना लेखी दिलंय की फॉर्मवर "मुलांसाठी विनामूल्य कार्यक्रम" असा एक प्रकार छापा. तुम्ही करणार असाल तर विषयात "गोष्टवाचन" लिहा आणि मागे काय काय सामान वापरणार त्याची यादी जोडा, लपवायचं काहीच नाही, पण पहिल्या ओळीतच कुणी घाबरायला नको.

आता कागदांचं. ड्रॉइंग पेपर घ्या, गुळगुळीत नको. कपभर पाण्यात दोन चमचे हळद, पसरट ताटलीत कागद बुडवून काढायचा. माझी पहिली खेप फुकट गेली कारण मी गॅलरीत उन्हात वाळत घातली, दुपारपर्यंत फिकट पडली. हळदीचा रंग उन्हानं उडतो, कपड्यावरचा डाग आपण उन्हात टाकतो तो त्यासाठीच. सावलीत, पंख्याखाली वाळवा, रात्रभर. हळद माझी आईनं सांगलीहून पाठवलेली राजापुरी होती. सुटी, फार भडक पिवळी दिसणारी हळद मुलांच्या हातात देऊ नका, त्यात शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार होतात.

पाणी कसलं, तर खायच्या सोड्यानं नुसता नारिंगी तपकिरी असा येतो. हँडवॉशनं काहीच झालं नाही. साध्या साबणाची वडी पाण्यात घोळवून केलेल्या पाण्यानं सुंदर लाल उमटतो. चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर महागात पडेल. ब्रशऐवजी इअरबड द्या, सांडायला काही राहतच नाही.

कैरी अशी केली : पिवळ्या कार्डपेपरचा आंबा, त्याच आकाराचा निळा जिलेटिन कागद वर देठापाशी स्टेपल. निळ्यातून पिवळा बघितला की हिरवा दिसतो. मुलं "मी पिवळी झाले का?" विचारतात आणि जिलेटिन उचलतात. फक्त निळा फिकट घ्या, आकाशी, मी आधी गडद आणला होता बोहरी आळीतून, त्यातून आंबा जवळजवळ काळा दिसायला लागला, परत जावं लागलं. आणि आंबे घरीच कापून न्या. तीन वर्षांच्या मुलांच्या हातात कात्री दिली तर अख्खा वेळ त्यातच जातो.

हो, जमिनीवर काय घालायचं ते राहिलं. जुने फ्लेक्स, उलटे करून. आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं तीन मोठे फुकट दिले. पुसले की झालं.

कार्यक्रमाच्या दिवशीचं काय सांगू, बहुतेक सगळं नीट झालं. "अजून नाही"चा आवाज गेटपर्यंत जात होता म्हणे. पण एक मुलगा, चार वर्षांचा, कुणाशी बोलत नाही फारसा, तो सगळ्यात शेवटी बसला होता. त्यानं इअरबड कागदावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. आधी काही नाही. मग बडच्या टोकाभोवती एक लाल गोल पसरायला लागला, डाळीएवढा, मग रुपयाएवढा. त्यानं बड उचलून बघितला, तो पांढराच, जेमतेम पिवळसर. परत टेकवला. परत उचलला. कागदाची मागची बाजू बघितली. मग माझ्याकडे कागद धरून म्हणाला, "मावशी, लाल कुठे होता?" मी म्हणलं हळदीतच होता. तो म्हणाला, "अढीत?" मी हो म्हणलं. त्याच्या आईनं नंतर सांगितलं की घरी जाऊन त्यानं फोडणीच्या डब्यातली हळद मागितली, कपाळाला साबण लावायला निघाला होता.

एका मुलीला मात्र हाताला काही लागलेलं चालत नव्हतं, रडली. अशा मुलांसाठी हात न भरता करता येईल असं काहीतरी वेगळं ठेवा, मी ऐनवेळी तिला बहाव्याच्या पाकळ्या आणि खळ दिली, चमच्यानं लावायला, तर ती रमली. खळ घरचीच, 1 वाटी मैदा, 4 वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. जुने लोक टिकायला मोरचूद घालायचे, मुलांसाठी अजिबात घालू नका, ते विषारी असतं. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा.

सेक्रेटरी काका पावणेदोन तासांनी आले, फ्लेक्स गुंडाळायला लागले, फरशी बघितली, फटी पण बघितल्या. काही नव्हतं. जाताना एक हळदीचा कागद आणि इअरबड घेऊन गेले.

डिपॉझिटचा चेक 19 दिवसांनी परत मिळाला, पूर्ण. पुढचा रंग निळा आहे. गोकर्णाची फुलं रोज परडीत जमवून वाळवतेय, त्यांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं गुलाबी होतं. अर्ज 1 तारखेला दिलाय, विषय गोष्टवाचन, आणि शिक्का मारलेली पोच फ्रिजवर लावून ठेवलीय.