ब्लँक २६.६ आला तेव्हा

सांडपाण्याचा सीओडी (त्यातली घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लिटरला किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल तो आकडा) काढायला लागून मला दोन आठवडे झाले होते, तरी आकड्यांवर भरवसा बसत नव्हता. पद्धत तोंडपाठ होती: २० मिलि सॅम्पल, ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट (क्लोराइडला बांधून ठेवायला), घाण ऑक्सिडाइज करणारं १० मिलि ०.२५ नॉर्मल (नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाची तीव्रता) पोटॅशियम डायक्रोमेट, ३० मिलि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं सल्फ्युरिक ॲसिड, आणि कंडेन्सर लावून दोन तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ गार होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल असं उकळणं. मग उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करून मोजायचं.

एकदा तापवता तापवताच फ्लास्क हिरवागार झाला. डायक्रोमेट सगळं खर्ची पडलं होतं, मग टायट्रेट काय करणार? सॅम्पल दहापट पातळ करून पुन्हा लावलं. एकाच बाटलीतून काढलेल्या दोन सॅम्पलांत मोठी तफावत आली, तीही गाळ तळाला बसू दिल्यामुळे. आता बाटली नीट हलवल्याशिवाय पिपेट बुडवत नाही.

खरा घोर लावला तो स्टँडर्डने, म्हणजे सीओडी आधीच माहीत असलेल्या द्रावणाने. वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट लिटरला ४२५ मिलिग्रॅम घेतलं की सीओडी ५०० यायला हवा. माझा ५३२ आला. पुन्हा लावला, पुन्हा ५३२. पिपेट तपासली, फ्लास्क ॲसिडने धुतले, जॉइंटला ग्रीस लागलंय का तेही पाहिलं. काहीच सापडेना.

शेवटी वहीतल्या ब्लँकच्या (सॅम्पलऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेल्या चाचणीच्या) रकान्याकडे लक्ष गेलं. १० मिलि ०.२५ नॉर्मल डायक्रोमेटला ०.१ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट २५ मिलि लागायला हवं, मला २६.६ लागत होतं. बाटली आठवड्यापूर्वीची, आणि मी लेबलवरचा ०.१ डोळे मिटून सूत्रात घालत होते! हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं फेरस हळूहळू फेरिक होत जातं आणि द्रावण कमजोर पडतं.

लगेच १० मिलि डायक्रोमेट पाण्याने वाढवलं, ॲसिड घालून गार केलं, रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फेरॉइनचे थेंब टाकले आणि ब्युरेट सोडला. पिवळा रंग हिरवट, मग निळसर हिरवा झाला, आणि एका थेंबासरशी तांबूस तपकिरी. हा बदल मला अजूनही श्वास रोखून बघावासा वाटतो. थोड्या वेळाने निळसर छटा परत येते, पण तिच्यामागे थेंब टाकत जायचं नाही; पहिला ठळक बदल हाच एंड पॉइंट. वाचन आलं २६.६, म्हणजे नॉर्मॅलिटी ०.०९४. ब्लँक आणि स्टँडर्डमधला फरक १३.३ मिलि होता. १३.३ गुणिले ०.०९४ गुणिले ८०००, भागिले २०: बरोबर ५००.

आधीच्या दिवसांची नॉर्मॅलिटी मात्र कुठेच नोंदलेली नव्हती. ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणलेली, ४ अंशांवर ठेवलेली सॅम्पलं अजून २८ दिवसांच्या आत होती. ती सगळी पुन्हा लावली. ज्यांचं सॅम्पल उरलं नव्हतं, ते आकडे वहीत खोडून सही केली. उरलेलं द्रावण पारा-क्रोमियमच्या वेगळ्या कॅनमध्ये ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून वहीत ब्लँकशेजारी एक नवा रकाना आखला: आजची नॉर्मॅलिटी.